आर्लिस मोब्लीचं लायसन

आर्लिस मोब्लीला काळीज नाही, असं आमच्या हॅरो बेंड गावात सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. म्हणणाऱ्यांच्या घरातले निम्मे एसी त्यानंच बसवलेत, आणि त्याच गारव्यात पाय पसरून ते त्याच्याबद्दल बोलतात.

मी बर्निस. एसी आणि हीटरच्या सुट्या सामानाचं दुकान आहे, कापसाच्या जुन्या जिनिंगशेजारी, तिथल्या काउंटरमागं माझं आयुष्य गेलं. तांब्याचे पाइप, मोटारी, थर्मोस्टॅट, गॅसचे सिलिंडर, मागाल ते देते. फक्त लायसन दाखवा. लायसन नसेल तर कितीही गोड बोला, मी ढिम्म हलत नाही. त्यामुळं या धंद्यात खरा कोण आणि नुसता गाडीला शिडी बांधून फिरणारा कोण, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

आर्लिसकडं लायसन नव्हतं. त्याला कधी लागलंच नाही, कारण ते हॉयट लँगलीकडं होतं.

आमच्या राज्यात लोकांच्या घरचा एसी किंवा हीटर बसवायचा तर कंत्राटदाराचं लायसन लागतं. आधी कुणातरी लायसनवाल्याच्या हाताखाली काही वर्षं राबायचं, मग परीक्षा द्यायची, मग विमा उतरवायचा, मग राज्याचं बोर्ड एक नंबर देतं. हाताखालच्या माणसाला मात्र वेगळं लायसन नको. मालकानं दरवर्षी बोर्डात त्याचं नाव नोंदवलं की झालं, तो मालकाच्या सावलीत काम करू शकतो. हॉयटनं आर्लिसचं नाव दर जानेवारीला नोंदवलं, दोघांचे केस काळे होते तेव्हापासून. मी कितीदा म्हटलं, "आर्लिस, तूही देऊन टाक की परीक्षा." तर हॉयटच मध्ये तोंड घालायचा. "एका घरात दोन चुली कशाला, बर्निस?" आणि आर्लिस मान डोलवायचा. त्याला परीक्षेचं भय होतं. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच, आणि वाचतानाही तो ओळीखाली बोट धरून वाचतो, ओठ हलवत.

आर्लिस आधी जिनिंगमध्ये होता, ती बंद पडली तेव्हा हॉयटनं त्याला उचललं. आर्लिसनं लग्न केलं नाही, चर्चच्या मागच्या बाजूला एका ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात राहतो. हॉयट बडबड्या, आर्लिस मुका. दुकानात आले की हॉयट काउंटरवर कोपर टेकून सगळ्या गावाची उणीदुणी काढायचा, आणि आर्लिस मागं कपाटातून नेमका हवा तो सांधा काढून आणायचा. दोघांची भाषा वेगळीच होती. हॉयट नुसता हात पुढं करायचा, आणि त्यात पाना पडायचा. नवराबायकोचं जमत नाही इतकं जमायचं त्यांचं, हे मी व्हेल्मासमोरही म्हटलंय. व्हेल्मा म्हणजे हॉयटची बायको. ती म्हणायची, "मला तरी रात्रीचा मिळतो, हेच नशीब."

जुलैत ओगल्सबी म्हातारीचा एसी बंद पडला. म्हातारीला घरातच ऑक्सिजनची नळी लावलेली, आणि बाहेर असा उकाडा की डांबरावर चप्पल चिकटत होती. इथं एसीचं मशीन माळ्यावर असतं, हॉयट आणि आर्लिस वर चढले. आमच्याकडं उन्हाळ्यात माळ्यावर काम करणं म्हणजे भट्टीत बसून सुईत दोरा ओवणं. पाइप कापून नवीन कॉइल जोडता जोडता हॉयट म्हणाला, "जरा बसतो," आणि बसला तो आडवा झाला. आर्लिसनं त्याला खांद्यावर टाकून शिडीवरून खाली आणलं, अंगावर पाणी ओतलं, अॅम्ब्युलन्स बोलावली. अॅम्ब्युलन्स आली, हॉयटला घेऊन गेली. म्हातारीच्या सुनेनं विचारलं, "तुम्ही जात नाही बरोबर?"

आर्लिस परत माळ्यावर गेला.

त्यानं राहिलेले सांधे जोडले. व्हॅक्यूमचा पंप लावला. आता पंप लावला की पाइपातली हवा आणि ओल पूर्ण निघेपर्यंत वाट बघावीच लागते, त्याला घाई चालत नाही. तो त्या पंपाशेजारी बसून राहिला. मग गॅस भरला, एसी चालू केला, खाली येऊन म्हातारीच्या खोलीत जाळीसमोर हात धरून गार हवा येते का बघितलं. मग हत्यारं गाडीत भरली आणि हॉस्पिटलला गेला. हॉयट तोवर संपला होता.

व्हेल्मानं त्याला दारातच विचारलं, "कुठं होतास?"

"पाइप उघडा होता," आर्लिस म्हणाला.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. कुठली बोलेल? माझा नवरा असता आणि असं उत्तर आलं असतं तर मी त्याच्या थोबाडीतच दिली असती. पण मी काउंटरवाली आहे, मला हेही कळतं की उघडा पाइप सोडून यायचं नाही, ही हॉयटचीच शिकवण. लाइनीत ओल शिरली की मशीन गेलं, आणि मशीन गेलं असतं तर त्या उकाड्यात म्हातारीही गेली असती. हे मी गावात दोघाचौघांना सांगून बघितलं. त्यांनी ऐकलं, आणि तेच बोलत राहिले.

अंत्यसंस्काराला आर्लिस हॉयटचाच एक जुना कोट घालून आला. डोळ्यांत टिपूस नाही. चर्चच्या जेवणात सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते, हा कोपऱ्यात उभा राहून तळलेली कोंबडी खात होता, हाडं नीट एका बाजूला काढून. मी त्याच्याजवळ गेले.

"आर्लिस, रड की रे जरा. लोक बघतायत."

"येत नाही, बर्निस."

"काय होतंय तुला?"

त्यानं विचार केला. "काही नाही होत," म्हणाला. "तेच तर. सकाळी उठतो, बूट घालतो, गाडीत जाऊन बसतो. मग आठवतं की कुठं जायचं नाही." बाहेर ऊन पडलंय म्हणून सांगावं, तशा आवाजात त्यानं हे सांगितलं.

हॉयटबरोबर त्याचं लायसनही गेलं. मेलेल्या माणसाच्या नंबरावर धंदा करता येत नाही. बोर्डाची अशा घरांना तीन महिन्यांची सवलत असते. तेवढ्यात हॉयटच्या धंद्यात दुसरा लायसनवाला उभा करा, नाहीतर धंदा बंद. आणि दुसरा लायसनवाला कोण, तर पलीकडच्या गावचा रुडेल पिकन्स. आठ गाड्या आहेत त्याच्या, सगळ्यांवर त्याचा हसरा फोटो. हॉयटच्या चितेची, म्हणजे आमच्याकडं पुरतात, पण समजून घ्या, राख निवायच्या आत हा व्हेल्माकडं केक घेऊन गेला. म्हणाला, गिऱ्हाइकं माझ्याकडं दे, फोन नंबर माझ्याकडं दे, दारावरची पाटी काढ, आर्लिसलाही घेतो. आयत्या बिळावर नागोबा. आणि वर डोळे पुसत होता, मेला.

व्हेल्मा माझ्याकडं आली. काउंटरवर पर्स ठेवली आणि पर्सकडंच बघत बोलली.

"पाटी मी उतरवणार नाही. लँगली म्हणून आहे ती, लँगली म्हणूनच राहील. माझ्याकडं आता तेवढंच उरलंय. त्याला सांग परीक्षा दे म्हणून."

"तूच सांग ना. चर्चच्या मागंच तर राहतो."

"मी नाही सांगणार. तू सांग." आणि तिनं हातातल्या पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं. "आणि हे दे. हॉयटचं आहे. त्याला लागेल."

ते कायद्याचं पुस्तक. धूर कुठून काढायचा, हवा किती घ्यायची, पाइपाला आधार किती अंतरावर द्यायचा, सगळे नियम. आमचं राज्य नवीन आवृत्ती स्वीकारायला जन्म घालवतं, म्हणून हॉयट कितीतरी वर्षं तेच पुस्तक गाडीत घेऊन फिरायचा. कव्हर कधीच गेलेलं, त्या जागी चांदीची चिकटपट्टी. आणि प्रत्येक पानाच्या कडेला शिसपेन्सिलीनं हॉयटचं बारीक, उभट अक्षर. तोंडानं एवढा बोलायचा, तरी त्याचं पोट भरायचं नाही, उरलेलं तो तिथं लिहायचा. मी उघडून बघणार होते, पण व्हेल्मा समोर होती. तिनंही उघडलं नाही. हाताच्या तळव्यानं चिकटपट्टी एकदा सारखी केली आणि निघून गेली.

आर्लिसला मी सांगितलं. त्याला ना आनंद झाला ना भीती वाटली. ज्या परीक्षेच्या नावानं इतकी वर्षं पळाला तिचं नाव काढलं तर म्हणाला, "बरं." पिकन्स त्याच आठवड्यात दुकानात भेटला त्याला, माझ्यासमोरच.

"कशाला डोकं शिणवतोस, आर्लिस? माझ्या गाडीत बस. गाडीला एसी आहे."

"व्हेल्मा म्हणते परीक्षा दे."

"अरे, ती तुझ्याशी बोलते तरी का?"

"नाही."

"मग?"

पिकन्सनं माझ्याकडं बघून डोळा मारला. मी त्याला त्यानं मागितलेली एसीची मोटार दिली आणि बाहेरचं दार दाखवलं.

आता या परीक्षेची एक गंमत आहे. पुस्तकं उघडून द्यायची असते ती. नवख्याला वाटतं, मग काय, लहान मुलाचा खेळ. बसा म्हणावं एकदा. तीन जाड पुस्तकं, ढीगभर प्रश्न, आणि घड्याळ पळतंय. ज्याला पान कुठं आहे ते माहीत नाही तो उत्तरापर्यंत पोचतच नाही. म्हणून माणसं पुस्तकाला आधीच खुणा करतात. रंगीत पेनानं ओळी रंगवल्या तर चालतं, छापील पट्ट्या पक्क्या चिकटवल्या तर चालतं. पण हातानं लिहिलेला एक शब्दही चालत नाही. दारावर बसलेला माणूस पान न् पान तपासतो, आणि लिहिलेलं सापडलं तर पुस्तक बाहेर ठेवायला लावतो.

हे मी आर्लिसला सांगितलं, आणि नवं कोरं पुस्तक त्याच्यापुढं ठेवलं. "हे घे. दुकानाचंच आहे, परीक्षा झाली की परत दे."

दोन दिवस तो ते घेऊन बसला. मग परत आणून दिलं.

"यात मला काही सापडत नाही."

"अरे, तेच पुस्तक आहे. अक्षर न् अक्षर तेच."

"हॉयटचं हाताला सापडतं," तो म्हणाला. "धुराड्याचं पान तेलकट आहे. गॅसच्या पाइपाचं फाटलंय. हवेच्या पानावर कॉफी सांडलीय, ती माझीच. मी तसा जातो. हे नवं सगळीकडं सारखंच आहे."

"पण त्यात लिहिलंय ना हॉयटनं. आत नेऊ देणार नाहीत."

"पुसतो," आर्लिस म्हणाला.

आणि खरंच पुसलं. माझ्या दुकानात मागं एक बाक आहे, गिऱ्हाइकं कॉफी पितात तिथं. रोज दुपारी तो तिथं येऊन बसायचा, हॉयटचं पुस्तक मांडीवर, हातात शाळेतल्या पोरांचा असतो तसला गुलाबी खोडरबर. आधी ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत तो एकेक टिपण वाचायचा. मग खोडायचा. मग फुंकर मारायचा. मग पुढचं. हॉयट पेन्सिल दाबून लिहायचा, त्यामुळं दोनदा, तीनदा घासावं लागायचं. पान फाटू नये म्हणून खाली तळहात धरायचा. चेहऱ्यावर काही म्हणून काही नाही. मला ते बघवत नव्हतं. फिल्टर मोजायच्या निमित्तानं मी आतल्या खोलीत जायचे आणि उगाच तिथं उभी राहायचे. रबराचा तो कचरा मी संध्याकाळी झाडून काढायचे, आणि केरात टाकताना माझा हात अडायचा, आता खोटं कशाला बोलू.

एकदा मी म्हटलं, "व्हेल्माला विचारलंस का रे?"

"तिनंच दिलं ना परीक्षेसाठी."

"तरी."

"पुसलं नाही तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर पाटी नाही." तो फुंकर मारत म्हणाला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हिशोब त्याचा बरोबर होता. पिकन्सपासून ती पाटी वाचवायला त्याच्याजवळ दुसरं होतंच काय?

रात्रंदिवस तो अभ्यास करत होता की नुसता पानं उलटत होता, मला कळत नव्हतं. मी प्रश्न विचारायचे, तो पुस्तक न बघता पान नेमकं उघडायचा आणि मग ओळीवर बोट ठेवायला वेळ लावायचा. "लवकर, आर्लिस, घड्याळ पळतंय," मी म्हणायचे. "पळू दे," तो म्हणायचा.

परीक्षेला शहरात, मेम्फिसला जावं लागतं. आर्लिसला तिथल्या रस्त्यांवर गाडी चालवायला नको असतं, म्हणून मी घेऊन गेले. तिथं एक चष्मेवाली तरुण पोरगी बसलेली, नखं रंगवलेली, तिनं पुस्तकं घेतली. दोन माझ्या दुकानातली नवी होती ती भराभर चाळली. हॉयटचं उघडलं आणि थांबली. एक पान उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरलं.

"मिस्टर मोब्ली, यात काही लिहिलेलं होतं का?"

"होतं."

"आता नाही?"

"आता नाही."

तिनं पुढची पानं बघितली. एकेक करून सगळी बघितली, आणि मागं रांग वाढली. ते ठसे कागदावर दिसत असणार तिला. इतकं दाबून लिहिलेलं कुठलं पूर्ण जातंय. पण वाचता येण्यासारखं काही राहिलेलं नव्हतं, आर्लिसनं तेवढी मेहनत घेतली होती. तिनं पुस्तक मिटलं. "बरंच काम केलंत," म्हणाली, आणि त्याला आत सोडलं.

मी गाडीत बसून राहिले. सोबत आणलेला सँडविच खाल्ला, मग त्याच्यासाठी आणलेलाही खाल्ला. तो सगळ्यात शेवटी बाहेर आला. तिथं कॉम्प्युटर लगेच सांगतो काय झालं ते.

"काय रे?"

"पास."

"पास?" मी त्याच्या गळ्यातच पडले. खांबाला मिठी मारावी तसं वाटलं. परतीच्या वाटेत मीच बोलत होते, मीच हसत होते. चार-पाच मार्कांनी पास झाला होता, घड्याळ संपता संपता. हॉयट असता तर सगळ्या गावात हॉर्न वाजवत फिरला असता, असं मी म्हटलं. आर्लिस म्हणाला, "हो, फिरला असता," आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

पुढची कागदपत्रं, विमा, फी, सगळं मी व्हेल्मा आणि तो यांच्यात ये-जा करून उरकलं. सवलत संपायच्या आत बोर्डाकडून लायसन आलं. लँगली हीटिंग अँड एअर, आणि खाली आर्लिसचं नाव, आर्लिसचा नंबर. पाटी राहिली. पिकन्सनं कुणाला तरी सांगितलं म्हणे, की बघू किती दिवस टिकतं. टिकेल तितके दिवस टिकेल, तू आपल्या फोटोकडं बघ.

आर्लिस मला म्हणाला, "व्हेल्माला दाखवायचंय. तू चल. ती माझ्याशी बोलत नाही."

दुपारची वेळ होती, आणि तोवर हवेतला उकाडाही सरला होता. व्हेल्मा स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. तिनं हात पुसले, लायसनचा कागद घेतला, चष्मा लावून सगळा वाचला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "त्याला सांग, बरं झालं. हॉयटला बरं वाटलं असतं."

आर्लिस तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. मी म्हटलं, "ऐकलं त्यानं." तिनं तीन ग्लासांत थंड चहा ओतला, बर्फ घातला. आम्ही बसलो. मला वाटलं, चला, निदान एका टेबलाशी तरी बसले. मग आर्लिसनं हॉयटचं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि तिच्याकडं सरकवलं.

"तुझं पुस्तक," म्हणाला.

व्हेल्मानं ते जवळ ओढलं. चिकटपट्टीवरून हात फिरवला. उघडलं. एक पान, मग दुसरं, मग मधूनच कुठलं तरी. मग भराभर. तिचा हात थांबला.

"हे त्याचं नाही."

"त्याचंच आहे," आर्लिस म्हणाला.

"मग त्याचं अक्षर कुठाय?" जुलैनंतर पहिल्यांदाच ती सरळ त्याच्याकडं बघून बोलली.

"पुसलं. लिहिलेलं आत नेऊ देत नाहीत."

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. मी काही बोलायला गेले, तर व्हेल्मानं हात वर करून मला थांबवलं. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"मी वाचलं नव्हतं ते," ती म्हणाली. "एक ओळही नाही. उघडायचा धीर होत नव्हता. म्हटलं, थंडी पडली की एकेक पान घेऊन बसेन, सगळा हिवाळा पुरेल. त्याच्या हातचं दुसरं काही नाही माझ्याकडं, आर्लिस. तो कधी पत्र लिहायचा नाही. सह्या आहेत नुसत्या."

आर्लिसचे हात टेबलावर उताणे. बर्फ विरघळत होता. मला त्याचा रागही आला आणि त्याची दयाही आली, आणि दोन्हीतलं काय आधी, ते मला सांगता येणार नाही. मग तो म्हणाला, "मी वाचलंय."

त्यानं पुस्तक आपल्याकडं वळवलं. पहिलं पान उघडलं, रिकाम्या कडेला बोट ठेवलं, आणि जसं काही तिथं अजून लिहिलेलंच आहे तसं, बोट सरकवत, सपाट आवाजात वाचायला लागला.

"इथं होतं, 'चर्चचा हीटर. पास्टर म्हणतो, देव ऊब देईल. देवाला म्हणावं, आधी फिल्टर बदल.'"

व्हेल्मानं आपला ग्लास बाजूला सरकवला.

"इथं होतं, 'शाळेच्या माळ्यावर गांधीलमाश्या. आर्लिसला आधी पाठवायचं.'" त्यानं पान उलटलं. "इथं, 'आज व्हेल्माचा वाढदिवस. केक घ्यायचा. विसरलास तर माळ्यावरच झोप.' इथं नुसतं 'गुडघा' असं होतं. इथं होतं, 'धुराड्याचं माझं चुकलं, आर्लिसचं बरोबर. त्याला सांगायचं नाही.'" तो थांबला. "हे त्यानं सांगितलं नव्हतं मला."

"नसणारच," व्हेल्मा म्हणाली. तिच्या नाकातून एक आवाज आला, हसण्याचाच म्हणायचा. तिनं खुर्ची त्याच्या बाजूला ओढली.

तो सांगत गेला. कुठं जुन्या गिऱ्हाइकाचं कुत्रं चावतं म्हणून, कुठं पावसाबद्दल, कुठं नुसता बेरजेचा आकडा. आवाज तसाच, रस्ता सांगावा तसा. एक पान आलं, त्याची कडा खालपासून वरपर्यंत खरबरीत झालेली, खूप घासलेली. आर्लिसनं बोट ठेवलं.

"इथं बरंच होतं," तो म्हणाला.

"काय होतं?"

"तुझ्याबद्दल होतं."

त्यानं बोट वर नेलं, पुन्हा खाली आणलं. ओठ हलले. पान खिडकीकडं तिरकं केलं, डोळ्यांजवळ नेलं. काही दिसत नव्हतं, फार घासलं होतं त्यानं.

"पुसायच्या आधी मी वाचलं होतं," तो म्हणाला. "सगळं वाचलं होतं, व्हेल्मा. आता... सहा-सात ओळी होत्या. मी वाचल्या होत्या."

"आठव."

"नाही आठवत." आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. ज्या माणसानं हॉयटला खांद्यावरून उतरवताना डोळा ओला केला नव्हता, तो त्या टेबलावर डोकं ठेवून रडायला लागला, मोठ्यानं, लहान मूल रडतं तसा, आणि मध्येमध्ये तेच म्हणत होता, नाही आठवत, नाही आठवत.

व्हेल्मानं त्याला रडू दिलं. स्वतःही रडली असेल, मी तिच्याकडं बघितलं नाही. मग तिनं त्याच्या हाताखालून पुस्तक हळूच काढून घेतलं, स्वतः पान उलटलं, आणि पुन्हा त्याच्यासमोर ठेवलं.

"पुढचं सांग," ती म्हणाली.